गुडघाबदलाचं ऑपरेशन आणि तोंडावर आलेली दिवाळी: नवऱ्यांना पडणारे प्रश्न

पत्नीच्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली आहे, ती घरी आली आहे किंवा येणार आहे आणि दिवाळी जवळ आली आहे, हे धरून ही उत्तरं लिहिली आहेत. ऑपरेशन नवऱ्याचं असेल तरी बहुतेक सगळं तसंच लागू होतं. फक्त तेव्हा फराळ आणि शुश्रूषा दोन्ही एकाच बाईच्या अंगावर येतात, म्हणून त्या घरांनी फराळाचं उत्तर आधी वाचावं. तुमच्या सर्जननी डिस्चार्जच्या कागदावर वेगळी सूचना लिहिली असेल तर तीच पाळा.

ऑपरेशन अजून व्हायचं आहे. दिवाळीआधी करावं की नंतर?

सहा आठवडे आधी जमत असेल तर आधी, नाहीतर सरळ भाऊबीज उरकल्यावर. दोन-तीन आठवडे आधीची तारीख सगळ्यात अडचणीची. टाके नुकतेच निघालेले असतात, सूज टिकून असते, गुडघा वाकवण्याची खरी मेहनत तेव्हाच चालू असते आणि घरात वर्दळ सुरू होते. "दिवाळीत मुलं घरी असतात, मदत होईल" हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. मुलं घरी येतात, पण फिजिओ (व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट), कामवाली बाई, नर्सिंग ब्युरोची केअरटेकर आणि ओपीडी त्याच आठवड्यात सुट्टीवर जातात.

दोन्ही गुडघे एकदम बदलणार असतील तर इथे दिलेले आठवडे थोडे लांबवून धरा. भार घ्यायला चांगला पायच उरत नाही.

ती घरी येण्याआधी घरात काय बदलायचं?

वॉकर साधारण दोन फूट रुंद असतो. पलंग ते संडास ही वाट तीन फूट मोकळी हवी. टीपॉय, पायपुसणी, सतरंज्या, चार्जरच्या वायरी सगळं उचला. संडासाच्या दाराची चौकट टेपने मोजा. जुन्या इमारतींत ती इतकी अरुंद असते की वॉकर आत जातच नाही, आणि हे पहिल्या रात्री दोन वाजता कळून उपयोग नसतो. दार अरुंद असेल तर भिंतीला पकडदांडा बसवून घ्या, किंवा पहिले दोन आठवडे पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा.

बसण्यासाठी हातांची खुर्ची हवी, बैठक जमिनीपासून किमान दीड फूट. सोफा नको, त्यातून उठताना सगळा जोर गुडघ्यावर येतो. कमोड बुटका असेल तर चार ते सहा इंच उंचीची कमोड सीट सर्जिकल वस्तूंच्या दुकानात मिळते. वॉकर भाड्याचा असेल तर चारही पायांची रबरी बुचं उलटी करून पाहा. झिजलेलं बूच ओल्या फरशीवर सरकतं.

वॉकर असताना दोन्ही हात अडकलेले असतात, हे घरातल्यांच्या लक्षात येत नाही. चहाचा कप, पाण्याची बाटली, फोन, तिला काहीच हातात नेता येत नाही. पाणी, गोळ्या, चष्मा आणि घंटी पलंगालगत ठेवा आणि फोनसाठी गळ्यात अडकवायची छोटी पिशवी द्या.

पहिल्या सहा आठवड्यांत दिवस कसा आखायचा?

घड्याळ व्यायामाचं ठेवा आणि दिवाळी त्यात बसवा. उलटं केलं की गुडघा मागे पडतो. नवा गुडघा किती वाकणार आणि पूर्ण सरळ होणार का, हे बरंचसं याच आठवड्यांत ठरतं. साधारणपणे दोन आठवड्यांत नव्वद अंश आणि सहा आठवड्यांत एकशे दहा ते एकशे वीस अंश वाकणं अपेक्षित असतं. सहा आठवड्यांनंतरही नव्वदच्या आत अडकला असेल तर कधी कधी भूल देऊन गुडघा मोकळा करावा लागतो.

दिवसात तीन सत्रं धरा: सकाळी नाश्त्यानंतर, दुपारी चारच्या सुमारास आणि रात्री जेवणाआधी. फिजिओने दिलेला क्रमच पाळायचा. बहुतेकांच्या यादीत या गोष्टी असतात:

- घोटा वर-खाली, जागी असताना दर तासाला दहा वेळा. पोटरीत रक्त साकळू नये म्हणून हा व्यायाम आहे, तो कंटाळवाणा वाटला तरी सोडायचा नाही.
- गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबून मांडी आवळणं, पाच सेकंद धरून, दहा वेळा.
- उताणं झोपून टाच नितंबाकडे सरकवणं. पायाखाली प्लॅस्टिकची पिशवी किंवा गुळगुळीत कापड घातलं की टाच अडत नाही.
- खुर्चीत बसून पाय हळूहळू मागे ओढणं.
- वॉकर घेऊन पाच ते दहा मिनिटं चालणं. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय.

सत्र संपलं की पंधरा ते वीस मिनिटं बर्फाचा शेक द्या, मध्ये सुती कापड ठेवून. पाय उंच ठेवताना उशी टाचेखाली आणि घोट्याखाली, गुडघ्याखाली कधीच नाही. ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते, कारण गुडघ्याखालची उशी तिला लगेच आराम देते. पण तासन्‌तास वाकलेला गुडघा तसाच आखडतो. पाच-दहा अंश सरळ व्हायचा राहिला तरी चाल लंगडी होते आणि मांडी लवकर थकते. पाहुणे प्रेमाने उशी सरकवतात, त्यांनाही सांगून ठेवा.

जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. तुम्ही चढताना तिच्या एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे राहा.

व्यायामाच्या वेळी ती रडते, चिडते. जबरदस्ती करायची का?

हात लावून जबरदस्तीने गुडघा वाकवायचा नाही. ते काम फिजिओचं. तुम्ही वेळ सांभाळा. दुखण्याची गोळी सत्राच्या अर्धा ते पाऊण तास आधी पोटात गेलेली असेल तर निम्मं भांडण टळतं. गोळी व्यायामानंतर दिली तर त्या सत्राला काही उपयोग होत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात "उगाच केलं ऑपरेशन" हे वाक्य हमखास ऐकू येतं. भेटायला येणाऱ्यांचा ओघ थांबलेला असतो, झोप मोडलेली असते आणि दुखणं अजून आहेच. त्यात बाहेर सगळ्यांच्या घरी भाजणीचा वास. तिला उपदेश करू नका. भिंतीवर कागद लावून रोज किती पावलं चालली आणि गुडघा किती वाकला ते लिहा. आठ दिवसांपूर्वीचा आकडा समोर दिसला की तिचा तिलाच धीर येतो. पंधरा दिवसांहून जास्त उदासी टिकली, जेवण तुटलं, तर सर्जनना किंवा फॅमिली डॉक्टरांना सांगा.

गोळ्यांमध्ये कुठे चुकतं?

एक, पॅरासिटामॉल दोनदा जातं. एक ६५० मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरांची, दुसरी सर्दीच्या गोळीत लपलेली. दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वय जास्त असेल, वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा आणखी खाली येते. दोन, शेजारच्यांनी सुचवलेली जादा पेनकिलर. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ती पोटात रक्तस्राव करू शकते. तीन, रक्त पातळ करणारी गोळी "आता चालतेय ना" म्हणून स्वतःहून बंद करणं. ती दिलेल्या शेवटच्या तारखेपर्यंत घ्यायची. एखादा डोस राहिला तर पुढच्या वेळी दोन एकदम द्यायच्या नाहीत, डॉक्टरांना फोन करायचा.

ट्रॅमाडॉल (जास्त दुखण्यावरची तीव्र पेनकिलर) असेल तर गरगरतं, म्हणून गोळी घेतल्यावर एकटीने उठू देऊ नका. या गोळीने बद्धकोष्ठताही होते. भरपूर पाणी, पपई, पालेभाजी आणि रात्री इसबगोल पहिल्या दिवसापासून सुरू करा. तीन दिवस पोट साफ झालं नाही तर वाट बघू नका, डॉक्टरांना सांगा.

फराळ कोण करणार? ती ऐकतच नाही.

ऐकेल, पण यादी आधी कमी केली तर. पाच-सहा पदार्थ घरी करायचे असं ठरलेलं असेल आणि तिला फक्त "तू बस" म्हटलं, तर ती चौथ्या दिवशी ओट्यापाशी उभी असते. वसुबारसेच्या किमान पंधरा दिवस आधी दोघांनी बसून ठरवा: चकली, करंजी, अनारसे बाहेरून. गल्लीत, सोसायटीत घरगुती फराळ करणाऱ्या बायका आणि बचत गट असतातच. ऑर्डर लवकर द्या, शेवटच्या आठवड्यात त्या घेत नाहीत. घरी करायचं तर पातळ पोह्यांचा चिवडा आणि बेसनाचे लाडू पुरे. हे दोन्ही नवरा आणि मुलं करू शकतात आणि ती खुर्चीवरून सांगू शकते.

एक किलो पातळ पोहे आधी कढईत मंद आचेवर कुरकुरीत करून घ्यायचे, मगच फोडणी. घाईत हे टाळलं तर चिवडा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. लाडवाचं बेसन तुपात मंद आचेवर भाजायचं आणि पिठीसाखर मिश्रण कोमट झाल्यावरच घालायची. गरम असताना घातली तर ती विरघळून लाडू बसतात. एवढं सांगायला तिला उठावं लागत नाही.

तिला हात लावायचाच असेल तर तिसऱ्या आठवड्यानंतर जेवणाच्या टेबलाशी बसून वीस-तीस मिनिटं लाडू वळू द्या. मग आडवं पडून पाय उंच. खुर्चीत पाय लोंबता ठेवून तासभर बसलं की संध्याकाळी घोटा आणि पोटरी फुगते. गरम तेलाच्या कढईशेजारी वॉकर घेऊन उभं राहणं सहा आठवडे पूर्ण बंद. तोल गेला तर माणूस हाताशी लागेल ते धरतो.

आणि तिने फराळ खायचा का?

चव घ्यावी. मधुमेह असेल तर साखर ताब्यात राहणं या दिवसांत जास्त महत्त्वाचं, कारण साखर चढलेली असताना जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. एक लाडू जेवणानंतर, उपाशीपोटी नाही. ग्लुकोमीटरने रोज तपासा. रक्तदाब असेल तर चिवडा-शेवेतलं मीठ मोजा.

फराळाने पोट भरून जेवण कमी होतं, ही खरी अडचण. स्नायू परत यायला प्रथिनं लागतात, वजनाच्या दर किलोला साधारण १.२ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या बाईला दिवसाला सत्तरेक ग्रॅम. दोन अंडी, दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळ, दोन वाट्या दही, थोडं पनीर किंवा मासळी मिळून त्याच्या जवळ पोहोचता येतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान चालेल का?

टाके असताना पायाला पाणी लागू द्यायचं नाही, मग अंग पुसून घ्यायचं. सर्जननी पाणी न शिरणारं ड्रेसिंग लावलं असेल तर त्यांना विचारून अंघोळ चालते. टाके किंवा स्टेपल (टाक्यांऐवजी लावलेल्या धातूच्या पिना) साधारण बारा ते चौदा दिवसांनी निघतात. त्यानंतर जखम पूर्ण कोरडी असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर अंगावर पाणी घ्यायला हरकत नाही. टबात किंवा पाण्यात बुडवून बसणं मात्र नाही.

तेलाचं जास्त जपायचं आहे. डोक्याला, खांद्यांना, हातांना तेल लावा, तेही बाथरूमच्या बाहेर खुर्चीत बसवून. जखमेवर आणि आसपास तेल नको, उटणंही नको. पोटरी चोळायची नाही, कोणी कितीही म्हणो, कारण आत गुठळी असेल तर ती सुटून वर जाऊ शकते. तळपायाला तेलाचा थेंब लावायचा नाही. तेल आणि उटण्याचा चिखल झालेल्या फरशीवर वॉकरची बुचं घसरतात. घरात तिची अंघोळ सगळ्यांच्या आधी किंवा फरशी धुऊन कोरडी केल्यावर, पाठ असलेल्या उंच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून. पहाटे उठवण्याचा आग्रह नको. सूर्योदयानंतर झाली तरी चालेल, तिला रात्री झोप लागलेली असणं जास्त गरजेचं.

लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज कशी करायची?

पूजा टेबलावर मांडा. चौरंग टेबलावर ठेवून कापड घातलं की खुर्चीवरून सगळं हाताला येतं. पाटावर बसायचं नाही, वाकून नमस्कार नाही, गुडघे टेकायचे नाहीत. लक्ष्मीपूजन संध्याकाळी असतं, म्हणून त्या दिवशी दुपारचं सत्र चुकवू नका आणि रात्रीचं थोडं हलकं ठेवा.

औक्षण ती बसूनच करेल. उभं राहून ताट धरायला दोन्ही हात लागतात, मग वॉकर सुटतो. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये छोटा स्टूल, त्यावर ताट. निरांजन पेटवून तुम्ही तिच्या हातात द्यायचं. पाडव्याला नवऱ्याला ओवाळतानाही असंच आणि भाऊबीजेलाही. भावाने बहिणीकडे यायची रीत आहे, त्यामुळे तिला कुठे जावं लागत नाही. मात्र भाऊ आले की जेवणाचा घाट ती घालणार नाही, हे भावांना आधीच फोनवर सांगा. बहुतेक भाऊ डबा घेऊनच येतात.

रांगोळी, पणत्या, फटाके?

कोरडी रांगोळी फरशीवर सरकते. तिच्या वाटेवर, दाराच्या उंबऱ्यापाशी नको, एका बाजूला काढा. पणत्या जमिनीवर ठेवू नका. साडीचा घोळ आणि वॉकरचा पाय दोन्ही त्या उंचीवर असतात. कठड्यावर, खिडकीत ठेवा. आकाशकंदिलाची आणि माळांची वायर जमिनीवरून नेऊ नका. घरात तिचे कपडे घोट्याच्या वर राहणारे असावेत. नातवंडांचा किल्ला अंगणात किंवा गॅलरीत असू दे, तिच्या चालण्याच्या वाटेवर नको.

पाहुण्यांना कसं आवरायचं?

वेळ जाहीर करा: संध्याकाळी पाच ते सात. व्हॉट्सॲपवर एकच निरोप सगळ्या गटांत टाका. सर्दी-खोकला, ताप असणाऱ्यांनी फोनवर बोलावं. पलंगावर कोणी बसायचं नाही. आलेल्यांचा चहा तुम्ही किंवा मुलं करणार. व्यायामाची वेळ झाली की पाहुणे असले तरी तिला आत न्या. मोठ्या नणंदेसमोर ती स्वतः उठणार नाही, म्हणून हे तुम्हालाच बोलावं लागतं. "हिची व्यायामाची वेळ झाली" एवढं नवऱ्याने म्हटलं की कोणाला राग येत नाही.

सुट्टीत दवाखाना, औषधं, फिजिओ बंद असतील तर?

धनत्रयोदशीच्या आधी हे उरका: सगळ्या गोळ्या, विशेषतः रक्त पातळ करणारी, दिवाळीनंतर किमान आठवडाभर पुरतील इतक्या आणून ठेवा. ड्रेसिंगचं सामान, बर्फाच्या दोन पिशव्या आणि थर्मामीटरही हवा. टाके काढण्याची तारीख सुट्टीत येत असेल तर डिस्चार्जच्या वेळीच पर्यायी दिवस लिहून घ्या. सर्जनच्या सुट्टीत कोणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर फ्रिजवर लावा. फिजिओकडून शेवटच्या भेटीत पूर्ण सत्राचा व्हिडिओ तुमच्या फोनवर घ्या, तिच्या पायावर करताना. केअरटेकरच्या सुट्टीचे दिवस ब्युरोकडून आधीच विचारून त्या रात्री मुलांमध्ये वाटून घ्या.

कोणत्या लक्षणांवर सण बाजूला ठेवून लगेच निघायचं?

अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त येणं, चक्कर येऊन पडणं: १०८ ला फोन, आणि सर्जनचा फोन लागायची वाट न बघता जवळच्या मोठ्या रुग्णालयात. गुठळी फुप्फुसात गेल्याची ही लक्षणं असू शकतात.

एकाच पायाची पोटरी दुखणं आणि कडक होणं, रात्रभर पाय उंच ठेवूनही सूज न उतरणं: त्याच दिवशी डॉक्टर. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, जखमेतून पाणी किंवा पू, लाली पसरत जाणं, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं: त्याच दिवशी सर्जन. केमिस्टकडून ॲंटिबायोटिक आणून सुरू करू नका. त्याने वरवर बरं वाटतं, पण आत नेमका कोणता जंतू आहे ते तपासात कळेनासं होतं आणि कृत्रिम सांध्यातला संसर्ग दडून राहतो.

गुडघा गरम लागणं, चालताना टक-टक आवाज, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, संध्याकाळची सूज ही बहुतेकांना काही महिने असते. त्यासाठी धावायची गरज नाही.

दिवाळीला गावी जायचं का?

सहा आठवड्यांच्या आत शक्यतो नको. प्रवासापेक्षा गावच्या घराची अडचण मोठी: भारतीय पद्धतीचा संडास, उंच उंबरे, शेणाने सारवलेलं ओलं अंगण. जावंच लागलं तर गाडीत पुढची सीट पूर्ण मागे सरकवून, आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. दर तासाला थांबून पाच मिनिटं चालायचं. दुचाकीवर मागे बसणंही नाही. लांबचा विमानप्रवास सर्जनना विचारल्याशिवाय नको.

रात्रीचं काय? एकाच पलंगावर झोपावं का?

पलंग पुरेसा उंच आणि रुंद असेल तर हो, तिच्या चांगल्या पायाच्या बाजूला तुम्ही झोपा. धक्का लागण्याची भीती वाटत असेल तर त्याच खोलीत वेगळी गादी घाला. रात्री संडासाला उठताना ती "याला कशाला उठवू" म्हणून एकटी निघते, आणि पडण्याचा धोका तेव्हाच जास्त. रात्रभर मंद दिवा, उशाशी घंटी, आणि उठवायचंच असं आधी बजावून ठेवा. कुशीवर झोपायचं तर दोन्ही पायांच्या मध्ये उशी.

शरीरसंबंध साधारण चार ते सहा आठवड्यांनी, दुखणं कमी झाल्यावर, गुडघ्यावर भार न येणाऱ्या स्थितीत. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो, पण त्यांच्यासाठी हा नेहमीचाच प्रश्न आहे.

मी स्वतः पार थकलो आहे.

दहाव्या-बाराव्या दिवशी सगळेच थकतात. रात्रीची झोप सलग मिळत नाही हे मुख्य कारण. आठवड्यातून दोन रात्री मुलाला, सुनेला, मेहुणीला द्या आणि त्या रात्री दुसऱ्या खोलीत झोपा. घराबाहेर रोज अर्धा तास फिरून या. तुमच्या स्वतःच्या गोळ्या चुकत नाहीत ना, तेही तिच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी तुमचा डबा ठेवून बघा.

विम्याचे कागद?

डिस्चार्ज समरी, अंतिम बिल, एक्स-रे आणि इम्प्लांटचं (बसवलेल्या कृत्रिम सांध्याचं) स्टिकर एका फाइलमध्ये ठेवा. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, म्हणून बिलात इम्प्लांटची रक्कम वेगळी दाखवलेली आहे का पाहा. डिस्चार्जनंतरची औषधं आणि तपासण्या पॉलिसीत लिहिलेल्या दिवसांपर्यंत मिळतात. प्रत्येक बिलावर तिचं नाव आणि तारीख हवी. सुट्ट्यांमुळे दावा पाठवण्याची मुदत वाढत नाही.

पुढच्या दिवाळीला ती मांडी घालून बसेल का?

काहींना जमतं, पण बहुतेक सर्जन जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं आणि भारतीय संडास कायमचे टाळायला सांगतात. त्यामुळे टेबलावरची पूजा आणि खुर्चीवरचं औक्षण ही या वर्षापुरती सोय समजू नका. चांगलं टेबल आणि हातांच्या दोन पक्क्या खुर्च्या विकत घ्या, भाड्याने नको.